टोरीच्या पेंडीचं देणं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या आमच्या घाण्यावर तीन पेंडी निघायच्या. तिळाची पेंड आम्ही पोरं गुळाच्या खड्यासोबत खायचो. जवसाची गुरांची, भाताची रोवणी जवळ आली की शेतकरी ती उधारीवर न्यायचे आणि धान निघाल्यावर हिशेब चुकता करायचे. टोरीची पेंड मात्र मागच्या पडवीत एकटी पडून असे. तिला हात लावला तर हात धुतल्याशिवाय डोळ्याला न्यायचा नाही, अशी बाबांची ताकीद होती. गाय तिला तोंड लावत नसे. पोती हलवताना धूळ उडाली की हमाल शिंकून शिंकून बेजार होत.

टोरी म्हणजे मोहाचं बी. फाल्गुन-चैत्रात फुलं पडतात, ती सगळ्यांना ठाऊक असतात. ज्येष्ठ-आषाढात, पहिल्या पावसाच्या सुमाराला फळं पिकून गळतात तेव्हा बायका पुन्हा त्याच झाडाखाली जातात. ते कष्ट फारसे कुणाच्या लिहिण्यात येत नाहीत. ओल्या पाल्यातून एकेक फळ वेचायचं, गर काढायचा, बी वाळवायचं, टरफल फोडायचं. आतल्या मगजात जवळजवळ निम्मं तेल असतं. ते तेल जंगलातल्या घरांत स्वयंपाकाला, दिव्याला आणि अंगाला लावायला चालतं. थंडीत ते थिजतं, म्हणून डबा चुलीजवळ ठेवावा लागतो. बाजारात आलेलं तेल साबणाच्या कारखान्यात जातं. तेल गेलं की मागे उरते ती पेंड, आणि माझं सगळं आयुष्य त्या उरलेल्यावर उभं आहे. ते मला ज्यांनी दिलं, त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

बाबा शिकलेले नव्हते, पण घाण्याच्या बाबतीत चोखंदळ होते. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 नंतर ग्रामोद्योग संघाने घाण्यावर फार चांगलं काम केलं. झवेरभाई पटेलांनी सुधारलेला घाणा तिथूनच गावोगाव गेला. आमचा पहिला लाकडी घाणा त्याच धर्तीचा होता, हे बाबा अभिमानाने सांगत. पुढे वीज आली, लोखंडी घाणी आली, तरी पेंडीचा तुकडा बोटांनी मोडून नाकाजवळ धरायची त्यांची सवय गेली नाही. तुकड्यावरून ते सांगत, किती तेल आत राहिलं, बी किती वाळलेलं होतं, कुणी जुनी टोरी मिसळली होती. उरलेलं नीट पाहायचं, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडून घेतलं.

टोरीच्या पेंडीला गिऱ्हाईक एकच, मासेमारी करणारे ढिवर. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा तळ्यांचा मुलूख. जुन्या मालगुजारी तळ्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. त्यांत रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली सोडण्याआधी आतली शिकारी मासळी काढावी लागते, नाहीतर मरळ आणि मांगूर सगळी बोटुकली फस्त करतात. त्यासाठी ही पेंड. आमच्याकडे एक वयस्क ढिवर काका यायचे. पोत्यांचा भाव ठरवण्याआधी ते स्वतः तळ्यात उतरत आणि पाणी अंगाने मोजत: इथे गुडघा, इथे कंबर, इथे छाती. मग काठावर बसून काडीने मातीत रेघा ओढत आणि पोत्यांचा आकडा सांगत. मी तेव्हा शाळेत होते. एकदा त्यांनी मला सोबत नेलं आणि ते गणित समजावून दिलं. पुढे मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात मला तेच सापडलं: हेक्टरी साधारण 2500 किलो पेंड. एक हेक्टर तळ्यात सरासरी एक मीटर पाणी धरलं तर दहा हजार घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्याला पाव किलो. काकांच्या रेघांतून निघणारा आकडा यापासून फार लांब नव्हता.

मासा का मरतो, असं मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्याचा श्वास बसतो. माणूस तो मासा खातो आणि त्याला काही होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पाणी निवळतं, विषाचं खत होतं, आणि मग बोटुकली सोडायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, घरात चालत आलेलं होतं. मला मात्र एवढंही म्हणायचं आहे की तळं असं साफ करताना गावची जुनी मासळी मरते, आणि ती मासळी हीसुद्धा संपत्ती आहे. काका स्वतः मोठ्या तळ्याचा एक कोपरा बांध घालून वेगळा ठेवत आणि तिथे पेंड टाकू देत नसत.

नागपूरला लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकायला मिळालं, ही माझ्या दृष्टीने एका अनोळखी माणसाची कृपा. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला देऊन ठेवली आणि 1942 साली तिच्यातून ही संस्था उभी राहिली. घाणेवाल्याच्या मुलीने तिथल्या प्रयोगशाळेत उभं राहावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तिथल्या एका सरांनी मला पेंडीकडे वळवलं. वर्गातली बाकीची मुलं तेलाचा रंग, आम्लता, आयोडीन मूल्य यांत गुंतलेली असताना त्यांनी मला विचारलं, तुमच्या घाण्यावर टोरी येते ना? मग तिच्या पेंडीत काय आहे ते काढून दाखव.

पेंडीत जे आहे त्याला सॅपोनिन म्हणतात. या रेणूचा अर्धा भाग तीस कार्बनचा, तेलात रमणारा. उरलेला अर्धा भाग साखरेच्या साखळ्यांचा, पाण्यात रमणारा. असा रेणू पाण्यात शिरला की पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, म्हणून फेस येतो. पेशीच्या पातळ आवरणात कोलेस्टेरॉल असतं, त्याला हा रेणू चिकटतो आणि आवरणाला भोकं पाडतो. माशाच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये फारच पातळ पडदा असतो, त्यातून हा रेणू आत शिरतो, त्यामुळे तांबड्या पेशी फुटतात आणि मासा गुदमरतो. आपल्या आतड्यातून हा रेणू सहज आत शिरत नाही, म्हणून तोच मासा आपण खाऊ शकतो. काकांनी ‘श्वास बसतो’ म्हटलं ते नेमकं होतं.

प्रयोगशाळेतली रीत पुस्तकात दिलेली होती. पेंड बारीक दळायची, हेक्झेनने उरलंसुरलं तेल काढून टाकायचं, मग पाणी मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये अर्क घ्यायचा. अर्क आटवून पाण्यात विरघळवायचा, ब्यूटॅनॉलने वेगळा करायचा, आणि शेवटी थंड ईथरमध्ये थेंब थेंब सोडायचा. फिकट, कापसासारखा साका तळाशी बसतो. तो वाळवून बाटलीत भरताना मला शिंका आल्या आणि आमचे हमाल आठवले. नागपुरात हे सगळं सहज होत होतं.

गडचिरोलीला महाविद्यालयात नोकरी लागली तेव्हा जिल्हा होऊन काही वर्षंच झाली होती. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून तो वेगळा झाला होता आणि बऱ्याच गोष्टी अजून उभ्या राहायच्या होत्या. प्रयोगशाळेत हेक्झेन वेळेवर येत नसे, आणि ईथर उन्हाळ्यात तिथे ठेवण्यात धोका होता. मी ठरवलं की पाण्यानेच अर्क काढायचा. पाणी फुकट, पाणी सुरक्षित. पण बारीक दळलेली पेंड गरम पाण्यात घातली की तिच्यातली प्रथिनं आणि पिष्ट फुगून लापशी होई आणि गाळणकागदातून थेंब उतरत नसे. हाच प्रश्न घेऊन मी धानोरा तालुक्यातल्या एका गोंड गावात गेले, कारण तिथे दोन जाड ओंडक्यांमध्ये वाफवलेल्या टोरीची टोपली दाबून तेल काढत आणि तसली पेंड मला तपासायची होती.

ज्या घरी गेले तिथल्या आजी मला बाई म्हणायच्या, मास्तरीण म्हणून. त्यांनी माझी पिशवीतली दळलेली पेंड चिमटीत घेतली आणि म्हणाल्या, “बाई, इतकी कुटून कायले घेतेस? चिखल होते ना.” मग त्यांनी आपली रीत दाखवली. पेंड ढेकळांसारखी, मुठीत मावेल एवढी मोडायची. ती बांबूच्या टोपलीत ठेवायची. मातीच्या मोठ्या मडक्यात गार पाणी भरायचं आणि टोपली मडक्याच्या तोंडावर अशी बसवायची की तिचा तळ फक्त वरच्या पाण्यात बुडेल. “हलवू नोको. ते आपलं आपण उतरते.”

मी मडक्यात वाकून पाहिलं. टोपलीच्या विणीतून तपकिरी धागे सरळ खाली उतरत होते आणि तळाशी पसरत होते. रात्रभर ते तसेच उतरत राहिले. सकाळी त्यांनी मडक्याच्या तळाला असलेली मेणाने बुजवलेली बारीक भोकं उघडली आणि गडद, स्वच्छ पाणी एका गाडग्यात काढून घेतलं. एक कागद लागला नाही, एक काडी जाळावी लागली नाही, गाळ सगळा टोपलीत राहिला.

त्या रात्री मी त्यांच्या ओसरीवर जागी होते आणि हे का घडतं याचा विचार करत होते. पेंडीला लागून असलेल्या पाण्यात सॅपोनिन उतरलं की ते पाणी जड होतं आणि खाली जातं. त्याच्या जागी हलकं, कोरं पाणी वर येतं. म्हणजे पेंडीला सतत नवं पाणी भेटत राहतं आणि आतलं द्रव्य शेवटपर्यंत बाहेर पडत राहतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी 1879 साली काचेचं जे उपकरण बनवलं आणि जे जगातल्या प्रत्येक तेलाच्या प्रयोगशाळेत आजही उभं असतं, त्याचं सगळं मर्म हेच आहे: घन पदार्थाला दर वेळी कोरा द्रावक भेटला पाहिजे. सॉक्सलेटला त्यासाठी आच लागते, वाफ लागते, थंड पाण्याची नळी लागते. आजींच्या मडक्याला फक्त वजन लागतं, पाण्याचं स्वतःचं वजन. गार पाण्यात प्रथिनं आणि पिष्ट फारसं फुगत नाही, म्हणून लापशीही होत नाही. मी नागपूरला जे शिकले होते त्याचा अर्थ मला धानोऱ्यात उमगला, असं म्हणायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

त्या पाण्याचे आजींना अनेक उपयोग होते आणि प्रत्येकाचं मोजमाप वेगळं होतं. केस धुवायला अगदी पातळ. पेरलेल्या वाफ्याच्या कडेने शिंपडायला थोडं घट्ट. उन्हाळ्यात नदी आटली की वाहत्या पात्रापासून तुटलेले डोह उरतात, त्यांत मासे धरायला त्याहून घट्ट. नदी वाहती असताना किंवा डोह पुढच्या पाण्याशी जोडलेला असताना ते टाकायचं नाही, हा नियम त्या इतक्या सहज सांगत की मी त्याचं कारण विचारायलाच विसरले असते. विचारलं तेव्हा म्हणाल्या, तुटलेल्या डोहातला मासा तसाही उन्हाने मरणार. वाहत्या पाण्यातला मासा खालच्या गावाचा असतो.

घट्टपणा मोजायची त्यांची पद्धत मी कधी विसरणार नाही. बांबूच्या नळीत पाणी घ्यायचं, तोंडावर तळहात दाबून नळी हलवायची आणि बाजूला ठेवून द्यायची. तोवर त्या चूल सारखी करत, कोंबड्यांना दाणे टाकत. परत येऊन फेसात बोट आडवं धरत. बोटाच्या रुंदीएवढा फेस टिकला असेल तर ते पाणी कामाचं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचं औषधी वनस्पतींच्या गुणवत्ता-चाचण्यांचं 1998 चं पुस्तक माझ्या हाती आलं. त्यात सॅपोनिनसाठी फेसाची चाचणी आहे: अर्क वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करायचा, नळी 15 सेकंद हलवायची, 15 मिनिटं तशीच ठेवायची आणि किती पातळ केल्यावर फेस 1 सेंटिमीटर राहतो ते पाहायचं. मी त्या पानावर पेन्सिलीने आजींच्या गावाचं नाव लिहून ठेवलं आहे. माझ्या विद्यार्थ्यांना ही चाचणी मी कायम आधी बांबूच्या नळीत दाखवली, नंतर काचेच्या.

जगाला या पेंडीची ओळख नव्हती असं नाही. पहिल्या महायुद्धाआधी मोहाचं बी जहाजांनी जर्मनी-बेल्जियमला जाई, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हीच पेंड गोल्फच्या हिरवळीवर पसरून वर पाणी मारत. गांडुळं बाहेर येऊन मरत आणि हिरवळ गुळगुळीत राही. आमच्या जंगलातल्या बायकांनी पावसात वाकून वेचलेल्या टोरीचा तो शेवट वाचून मला आजही वाईट वाटतं. ज्या द्रव्याला इथे बोटाने जोखून वापरत, ते तिथे पोत्यांनी ओतलं गेलं, तेही गांडुळासारख्या जिवावर.

त्याच जातीच्या दुसऱ्या एका द्रव्याचा प्रवास मात्र मला उमेद देतो. दक्षिण अमेरिकेत चिलीत क्विलाया नावाचं झाड आहे. त्याच्या सालीतलं सॅपोनिन शुद्ध करून लशींमध्ये घालतात, कारण त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती अधिक जोमाने जागी होते. हिवतापाविरुद्धच्या दोन्ही लशींत ते आहे. पहिलीची जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये शिफारस केली, दुसरीची 2023 मध्ये, आणि ही दुसरी आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. ती आफ्रिकेतल्या मुलांसाठी आहे. गडचिरोली हा महाराष्ट्राचा हिवतापाचा जिल्हा. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं पावसाळ्यात तापाने फणफणून हजेरीतून गळत. मोहाचं सॅपोनिन असं काही करील असा दावा मी करत नाही. प्रत्येक रेणूची परीक्षा वेगळी आणि ती वर्षानुवर्षं चालते. पण फेसाळणाऱ्या, शिंका आणणाऱ्या या द्रव्यांना कुणी कचरा म्हटलं की मला ते सहन होत नाही.

पेंडीच्या अर्कावरचं माझं काम आजींना सांगायला गेले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मंग टोरीचा भाव वाढन का, बाई?”

हा प्रश्न मी त्यानंतर सतत बाळगला आहे. 2020 मध्ये सरकारने मोहाच्या बीला किलोमागे 29 रुपये किमान आधारभूत किंमत ठरवली. वेचणं, वाळवणं, फोडणं यांतले हात मोजले तर ती मजुरीसुद्धा नव्हे. बी पोत्यांतून जिल्ह्याबाहेर जातं, तेल बाहेर निघतं, पेंडही बाहेरच राहते. तेल आणि पेंड गावात राहिली, पेंडीतून सॅपोनिन गावात निघालं आणि विष उतरलेला, प्रथिनं राखून असलेला चोथा गुरांच्या दावणीला गेला, तर एका बियांच्या पोत्यातून तीन माल होतात. मोहाच्या पेंडीतलं विष पाण्याने उतरवता येतं, हे प्रयोगशाळांनीही दाखवलं आहे. अडचण आहे ती अर्क वाळवण्याची. लाकूड जाळून आटवलं तर झाडाचंच नुकसान. आम्ही सध्या उन्हाच्या पेटीत, उथळ ताटांत वाळवतो; पावसाळ्यात ते जमत नाही आणि टोरी नेमकी पावसाळ्यात येते. म्हणून पेंड वाळवून साठवायची आणि अर्काचं काम दिवाळीनंतर काढायचं, हा तोडगा ग्रामसभेतल्या बायकांनीच सुचवला.

ग्रामसभेचा शब्द आता कायद्याला धरून आहे, हे या भागातल्या लोकांनी कष्टाने मिळवलेलं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाला दिली. धानोऱ्याच्याच मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने तिथल्या ग्रामसभेच्या हाती आले. बांबूचं जे झालं ते टोरीचंही व्हावं, असं मला मनापासून वाटतं. आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याने दुसरी एक गोष्ट करून ठेवली आहे: गावाला झाडापाल्याविषयी जे ठाऊक आहे ते लोकजैवविविधता नोंदवहीत लिहायचं, आणि त्या माहितीवर कुणी व्यापार केला तर गावाचा वाटा द्यायचा.

आजी आता नाहीत. त्यांच्या गावच्या नोंदवहीत टोपली-मडक्याची रीत त्यांच्या नावाने लिहिली आहे. ती नोंद त्यांच्या नातीने घातली. ती माझी विद्यार्थिनी होती. हा लेख लिहायचा ठरल्यावर मी ग्रामसभेत गेले आणि विचारलं, किती सांगू? संध्याकाळभर चर्चा झाली. मडकं आणि टोपली सांगा, म्हणाले, पाणी सगळ्यांचं असतं. फेसाची चाचणीही सांगा, म्हणजे कुणी जास्त घट्ट पाणी वापरून मासळी संपवणार नाही. गावाचं नाव नको, आजींचं नको, म्हणजे उद्या कुणी पोती घेऊन दारात उभं राहणार नाही. आणि आजी रात्री मडक्यात एका झाडाची साल टाकत, त्यामुळे सकाळी पाणी जास्त स्वच्छ निघे. त्या झाडाचं नाव वहीत आहे. ते इथे द्यायचं नाही, असं ठरलं.